एटीएमच्या चार फेऱ्या, चार वेळा कात्री: परदेशात पैसे काढताना या चुका टाळा

बेळगावहून रात्रीची बस, बेंगळूर, तिथून बँकॉक. पहिल्या परदेशवारीची तयारी मी अगदी कुंद्याच्या डब्यापर्यंत केली होती. पैशाचं मात्र "तिथं एटीएम असतंय की" म्हणून सोडून दिलं. चार दिवसांत चार वेळा दोन-दोन हजार बाट काढले. परत आल्यावर पासबुकात एन्ट्री मारून घेतली आणि काउंटरपाशीच हिशेब करत उभा राहिलो.

एका वेळेला तीन ठिकाणी कात्री लागते. थायलंडचं मशीन तेव्हा परदेशी कार्डाला साधारण २२० बाट कापायचं, दोन हजार काढा नाहीतर दहा हजार. आपली बँक दर वेळी ठरावीक रक्कम घेते, माझ्या बँकेची दीडशे रुपये होती. शिवाय चलन बदलल्याबद्दल मार्कअप, म्हणजे दरावर चढवलेलं जादा शुल्क, बहुतेक बँकांत दोन ते साडेतीन टक्के. बँकेच्या या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. बाट अडीच रुपयांचा आणि मार्कअप साडेतीन टक्के धरला तर पाच हजार रुपये काढायला जवळपास साडेनऊशे गेले. चार वेळचे मिळून ३,८०० च्या वर. तेच आठ हजार बाट एकदम काढले असते तर सोळाशेच्या आत भागलं असतं. गोवावेसहून खडेबाजारात किलोभर साखरेसाठी चार वेळा रिक्षा करून जावं, तसला प्रकार. म्हणून एकदाच, पण खर्चाचा अंदाज बांधून काढा. आपल्या कार्डाची रोजची मर्यादा आणि त्या मशीनची एका वेळची मर्यादा, दोन्ही बघून घ्या.

दुसरी चूक जास्त फसवी. वहिनी लेकीकडे दुबईला गेल्या होत्या. एटीएमसमोरूनच फोन आला, "भावजी, मशीन रुपयांतच आकडा दाखवतंय, होय म्हणू काय?" म्हटलं, थांबा, आधी आकडा वाचा. हजार दिरहमला २४,४०० रुपये दाखवत होतं आणि बाजारात दिरहम होता २३ च्या आसपास. रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं. पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि त्याचा नफा त्यातच मुरवलेला असतो. 'विदाउट कन्व्हर्शन' किंवा 'डिक्लाइन कन्व्हर्शन' दाबायचं. वहिनी घाबरल्या, कारण डिक्लाइन म्हणजे व्यवहारच रद्द असं त्यांना वाटलं. तसं होत नाही. पैसे येतात, दर फक्त आपल्या कार्डाचा लागतो. मार्कअप आणि जीएसटी धरूनही वहिनींचे साडेचारशे वाचले. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो. तिथंही स्थानिक चलनच सांगा.

आता आपल्या भागातली खास अडचण. आपल्याकडे बऱ्याच जणांचा पैसा सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, नाहीतर सहकारी बँकेत असतो. तिथलं साधं रुपे कार्ड बहुतेक वेळा देशातच चालतं. ज्या बँकेचं कार्ड परदेशात चालतं, तिथंही परदेशातला वापर बहुधा बंदच असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड तसंच मिळतं. अॅपमध्ये जाऊन ते आपणच सुरू करायचं, मर्यादाही तिथंच ठरवायची. हे घरी बसूनच करा. तिकडं गेल्यावर रोमिंग नसलं तर ओटीपी येत नाही आणि मग सगळंच अडतं.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

मी आता निघण्याआधी परवानाधारक मनी चेंजरकडून थोडी रोख घेतो आणि बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायच्या कार्डावर, भरतो. परदेशी नोटा एका प्रवासाला साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. कार्डावर ज्या देशात जायचं तिथलंच चलन भरा. डॉलर भरून युरो खर्चलात तर पुन्हा मार्कअप बसतो. हॉटेल, मॉल इथं कार्ड घासायचं, रोख फक्त टॅक्सी आणि खाऊगल्लीसाठी. विमानतळावरचं एक्सचेंज काउंटर शेवटचा पर्याय समजा. दर तिथंच सगळ्यात वाईट असतो.

मशीनमधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर पावती जपा, मशीनचा आणि वेळेचा फोटो काढा आणि त्याच दिवशी आपल्या बँकेत तक्रार नोंदवा. तिकडच्या बँकेत भांडून काही होत नाही. कार्ड अडकलं तर आधी अॅपवरून ब्लॉक करा, मग शोधाशोध.

परत आल्यावर उरलेल्या नोटा बदलून मिळतात. दोन हजार डॉलरपर्यंत जवळही ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे. नाणी मात्र कुणी घेत नाही. ती तिकडच्या विमानतळावर चहापाण्यात संपवा.