टेक्टिकस कशी ओळखावी: सैनिक माश्यांच्या एका दुर्लक्षित प्रजातीची पारख

गोव्यातील कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कुजणाऱ्या फणसावर किंवा सडत पडलेल्या काजूच्या बोंडूंच्या राशीवर लांब पायांची, सडपातळ, पिवळसर-नारिंगी माशी दिसली, तर तिला गांधीलमाशी समजून लगेच दूर होऊ नये. तिला पंखांची एकच जोडी असेल, तर ती खरी माशी आहे, आणि कदाचित टेक्टिकसही.

प्रथम कुल निश्चित करावे. सैनिक माश्यांच्या, म्हणजे स्ट्रॅटिओमायिडी कुलातील माश्यांच्या, पंखाच्या मध्यभागी एक लहान बंद कोष्ठिका (शिरांनी वेढलेला कप्पा) असते, ठळक शिरा पुढच्या कडेकडे दाटलेल्या असतात आणि प्रत्येक पावलाच्या टोकाशी नखरांखाली तीन गाद्या असतात. त्यानंतर वक्षाच्या मागच्या टोकाची लहान त्रिकोणी पट्टी तपासावी. तिच्यावर काटे नसतील आणि शृंगिकेच्या (डोक्यावरच्या स्पर्शिकेच्या) आखूड, गोलसर शेवटच्या भागातून एक बारीक लांब केस निघत असेल, तर माशी सार्जिनी उपकुलातील असण्याचा संभव मोठा असतो. काळी सैनिक माशी, हर्मेशिया, येथेच वेगळी पडते, कारण तिच्या शृंगिकेचे टोक लांब व चपटे असते.

सर्वांत अधिक वेळ शृंगिकेच्या दुसऱ्या खंडाला द्यावा. टेक्टिकसमध्ये या खंडाच्या आतल्या बाजूने अंगठ्यासारखा उंचवटा पुढे येऊन तिसऱ्या खंडावर टेकतो. जवळच्या सार्गस प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) तो नसतो. हे लक्षण दहापट भिंगातून दिसते, परंतु दोन्ही शृंगिकांच्या मधल्या बाजूकडे पाहिले तरच. म्हणूनच केवळ पाठीवरून घेतलेले छायाचित्र, ते कितीही सुंदर असले, तरी माझ्या मते अपुरे असते. समोरून, किंचित तिरकस कोनातून घेतलेले एक तरी छायाचित्र हवेच. रंगावर विसंबू नये, कारण मृत नमुन्याचा रंग पालटतो आणि सार्गसमध्येही पिवळसर जाती आहेत.

टेक्टिकस ही प्रजाती जर्मन कीटकशास्त्रज्ञ लोव्ह यांनी १८५५ मध्ये मांडली. तिच्यातील जाती ठरवताना नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी बहुधा आवश्यक ठरते, म्हणून छायाचित्रावरून प्रजातीपर्यंतच नोंद करावी. अळ्या सडक्या फळासह डब्यात वाढवल्यास प्रौढ माशी मिळते, आणि कोशावस्था शेवटच्या अळीच्या कातडीतच पार पडत असल्याने ती रिकामी कातडी त्याच नमुन्याजवळ ठेवावी. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि कोणत्या फळावर माशी सापडली, हे लिहावे. मोले, बोंडला किंवा खोतीगावसारख्या संरक्षित जंगलांतून मात्र वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये.