जुन्या केबिन बोटीचं लाकूडकाम : आधी गळती, मग पॉलिश

केबिनमधल्या लाकडावर काळे डाग दिसले की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. थांबा. खिडक्यांच्या चौकटीखाली, डेकवरच्या बोल्टांभोवती आणि बाकांच्या तळाशी टोच्याने टोचून बघा. टोचा लोण्यात गेल्यासारखा घुसला तर लाकूड कुजलंय. पाणी मात्र बहुतेक वेळा वरून, दुसरीकडूनच येतं. ती गळती बंद केल्याशिवाय आतली एक फळीही बदलू नका.

काढलेलं पॅनल तुटकं असलं तरी टाकू नका, नव्याचा साचा तोच. बोटीत काटकोन क्वचितच सापडतो, त्यामुळे नुसत्या टेपच्या मापावर कापलेली फळी हमखास वाया जाते.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नुसतं ‘वॉटरप्रूफ द्या’ म्हणू नका, ‘आयएस ७१०’ (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचं मरीन प्लाय, म्हणजे बोटीसाठीचं प्लायवूड, मागा आणि शिक्का स्वतः वाचा. मरीन प्लायसुद्धा कडांतून पाणी पितो. म्हणून कापलेली प्रत्येक कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) बंद करा. माझ्या मते सगळ्या कामात हेच सर्वांत मोलाचं. सागवान तेलकट असतं, चिकटवण्याआधी ते ॲसिटोनने पुसून घ्या.

सुटी दारं, खण घरी आणून वार्निश करायचे असतील तर पुण्यातला फेब्रुवारी-मार्च उत्तम, हवा कोरडी असते. जुलैत हातच लावू नका. पहिला हात पातळ करून द्या, म्हणजे लाकडात मुरतो. पॅनलच्या मागच्या बाजूलाही वार्निश हवंच, ओल तिथूनच शिरते.