रात्री २ वाजता फेल होणारी टेस्ट

हिंजवडीतल्या एका कंपनीत फ्रेशर म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात इतकी टूल्स कानावर पडली की वहीत नावं लिहून ठेवली होती: गिट, जिरा, जेनकिन्स, पायटेस्ट, सेलेनियम, पोस्टमन. नवीन मुलं विचारतात, यातलं आधी काय शिकू? गिट शिका, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल. बाकीचं जिथे जाल तिथलं तिथे हाताला बसतं. सवय लागायला हवी ती फेल झालेल्या टेस्टकडे, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, नीट बघण्याची.

आमच्याकडे रोज रात्री २ वाजता जेनकिन्सवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या टूलवर, सगळ्या टेस्ट चालायच्या. सकाळी बघावं तर इनव्हॉइसच्या तारखेची एक टेस्ट लाल, म्हणजे फेल. कुणीतरी १० वाजता परत चालवायचं, की पास. "ती फ्लेकी आहे गं, सोड," असं एका सीनियरने सांगितलं. फ्लेकी म्हणजे कोड तोच असताना कधी पास, कधी फेल होणारी. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सेलेनियमच्या टेस्ट अशा वागतात हे खरं. पान लोड व्हायच्या आत बटण शोधलं की फेल. तिथे ठरावीक सेकंद थांबू नये, बटण दिसेपर्यंत थांबायला सांगावं. पण ही टेस्ट ब्राउझर उघडतच नव्हती.

मी जुन्या रन उघडून फेल झाल्याच्या वेळा उतरवून काढल्या. रिलीजच्या आधी लोकांनी रात्री-अपरात्री कोड पुश केला (सर्व्हरवर चढवला) की चाललेल्या रन धरूनसुद्धा सगळ्या वेळा रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या. ५:३० दिसलं आणि उलगडा झाला. भारताची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे २ वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये अजून आदली तारीख असते, आणि आमचा कोड इनव्हॉइसवर यूटीसीची तारीख टाकत होता. टेस्ट बरोबर होती, चूक कोडची होती. १ एप्रिलला रात्री १ वाजता केलेल्या इनव्हॉइसवर ३१ मार्च छापलं गेलं असतं. म्हणजे आर्थिक वर्षच मागचं!

मी लगेच कोड बदलायला बसले, तर आमची लीड म्हणाली, "आधी ती भरदुपारी फेल करून दाखव." पायथॉनमध्ये फ्रीझगन नावाची लायब्ररी आहे, ती टेस्टपुरतं घड्याळ हव्या त्या क्षणावर थांबवते. १ एप्रिल, रात्री १ अशी वेळ लावली आणि टेस्ट दुपारी ३ वाजताही फेल झाली. मग कोड दुरुस्त केला, मग ती हिरवी झाली. पहाटे ५:२९ आणि ५:३० साठीही एकेक टेस्ट जोडली, कारण असे बग काठावरच बसलेले असतात.

तुम्हीही पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठवताना फेल होणारी टेस्ट पहिल्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत, आणि दुरुस्ती दुसऱ्यात ठेवा. रिव्ह्यू करणाऱ्याला बग स्वतः चालवून बघता येतो. मुख्य कोडमध्ये मर्ज करताना मात्र दोन्हींची एकच कमिट करा, नाहीतर पुढे गिट बायसेक्ट करणाऱ्याच्या, म्हणजे बग कुठल्या कमिटपासून आला हे जुन्या कमिट तपासत शोधणाऱ्याच्या, वाटेत एक लाल कमिट येते.