अंगणातला दिवा निवडताना आधी माती आणि ऊन बघा

मराठवाड्यात बाहेरचे दिवे पावसाने कमी आणि उन्हाने जास्त जातात. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा स्वस्त प्लास्टिकची बॉडी पिवळी पडून तडकते. म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी डाय-कास्ट अ‍ॅल्युमिनियमचाच दिवा घ्या. खोक्यावर आयपी६५ लिहिलेलं पाहा. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. जमिनीत गाडायचा दिवा असेल तर आयपी६७ हवा.

खरी परीक्षा घेते ती काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि नुसता खिळ्यासारखा रोवलेला दिवा वर्षभरात कलंडतो. खाली मुरूम दाबून त्यावर सिमेंटचा छोटा ओटा करा, वायर पाइपातून न्या आणि वळणावर थोडी ढिली ठेवा.

जुना दगडी वाडा किंवा माळवदाचं घर असेल तर भिंतीच्या पायथ्याशी, भिंतीला लागून वर जाणारा २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर उजेड लावा. दगडाची घडण त्यात फार सुंदर उठून दिसते, पांढऱ्याफक्क उजेडात ती सपाट होते. नव्या स्लॅबच्या घराला ३००० केल्विनही शोभतो. शिवाय पिवळसर उजेडाकडे पावसाळी किडे कमी येतात.

सोलर दिवा घेणार असाल तर बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, ती उष्णता जास्त सोसते. पॅनेलवरची धूळ दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. विजेच्या दिव्यांना अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच, लेकरं अंगणात अनवाणी खेळतात.