खाऱ्या हवेतलं जुनं चावीचं घड्याळ: घरच्या घरी कसं चालू करावं

कोकणात जुनं चावीचं मनगटी घड्याळ बंद पडतं ते बहुतेक वेळा झिजून नाही, दमटपणाने. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पाऊस नसतो तेव्हा समुद्राची खारी हवा असतेच. मुंबईच्या नोकरीत असताना घेतलेलं, निवृत्तीनंतर गावी आलेलं आणि मग पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलेलं घड्याळ उघडलं, की आत तुटलेलं फारसं काही सापडत नाही. सुकून चिकट झालेलं तेल, चावीच्या दांड्यावर तांबूस गंज आणि तबकडीवर दोन-चार डाग, एवढंच असतं. म्हणून हे काम मुळात धुण्याचं आणि तेल देण्याचं आहे. घासणं, रंगवणं, चकाकी आणणं हे जितकं कमी कराल तितकं बरं.

कुठल्या घड्याळापासून सुरुवात करावी

आजोबांच्या घड्याळापासून नको. ते कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि आधी दुसऱ्या एखाद्या घड्याळावर हात बसवा. माझं मत एचएमटीच्या साध्या चावीच्या घड्याळाला, म्हणजे जनता किंवा त्याच कुळीतल्या एखाद्याला. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. तिथली ही सतरा खड्यांची (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते बारीक खडे) मशिनं, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रणा, साधी, दणकट आणि समजायला सोपी आहेत. एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने २०१६ साली मंजुरी दिली, तरी इतकी घड्याळं विकली गेली होती की सुटे भाग अजून मिळतात. चिपळूण, सावंतवाडी, मालवण अशा गावांतल्या जुन्या घड्याळवाल्यांच्या खणात बंद मशिनं पडून असतात. एकाच जातीची दोन मागून घ्या: एक शिकायला, एक सुट्या भागांना. ऑटोमॅटिक, तारखेचं आणि लेडीज घड्याळ सध्या बाजूला राहू दे.

ऑनलाइन घेताना एक सांभाळा. भडक निळी, हिरवी, लाल तबकडी आणि वर झकपक नवं लिखाण असलेली 'जुनी' एचएमटी बहुतेक पुन्हा रंगवलेली असतात. थोडी पिवळी पडलेली, देवनागरीत 'जनता' लिहिलेली मूळ तबकडी त्यांच्यापेक्षा शंभर पटीने चांगली.

हत्यारं आणि जागा

०.८ ते १.६ मिलिमीटरपर्यंतचे स्क्रूड्रायव्हर, टोकं नीट जुळणारा चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, काटे काढायचे दोन छोटे लिव्हर, मशीन धरायचा होल्डर, हवा मारायचा रबरी फुगा, तेल लावायच्या बारीक सुया, रोडिको नावाची चिकट पुट्टी आणि बोटांना घालायच्या रबरी टोप्या. चिमट्यावर पैसे वाचवू नका. स्वस्त चिमट्यातून स्क्रू कुठे उडतो ते कळतही नाही, आणि घरात सारवलेली जमीन असेल तर तो गेलाच म्हणून समजा.

काम ओटीवर किंवा पडवीत करू नका, कितीही उजेड असला तरी. आतली खोली, पंखा बंद, टेबलावर पांढरं कापड आणि काठ असलेला ट्रे. दिवस निवडता आला तर दिवाळीनंतरचे निवडा. मिरगापासून नवरात्रापर्यंत घड्याळ उघडूच नका असं मी सांगेन, आणि त्याचं कारण पुढे धुण्याच्या ठिकाणी येईल. रबरी टोप्या घालायच्या त्या घामासाठी. आपल्याकडच्या घामाचा ठसा पोलादावर राहिला, तर काही दिवसांत तिथे गंज उमटतो.

उघडण्याआधी

आधी दोन-चार फेरे चावी द्या. चावी फिरते पण घड्याळ चालत नाही, असं असेल तर बहुधा तेल सुकलंय. चावी फिरतच राहिली, भरतच नसली, तर कमान (चावीने गुंडाळली जाणारी, घड्याळ चालवणारी स्प्रिंग) तुटली आहे किंवा तिचं टोक सुटलं आहे. टिकटिक चालू आहे पण काटे जागेवरच, तर मिनिटकाट्याखालची नळी सैल झाली आहे. चावी ओढली जात नसेल तर जोर लावू नका. दांडा गंजाने धरला असेल, तर ओढून तुटलेलं टोक आतच राहतं.

मागचं झाकण काही घड्याळांत दाबून बसवलेलं असतं, काहींत आट्यांचं. दाबाच्या झाकणाला कडेला एक बारीक खाच सापडेल, पातळ पातं तिथेच घालायचं. आट्यांच्या झाकणाला किल्ली नसेल तर घट्ट फुगवलेला रबरी चेंडू दाबून फिरवून पाहा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. सांडशीचा मोह आवरा.

खोलणे

पहिलं काम कमानीतला जोर उतरवणं. मोठ्या दातेरी चाकाशेजारी एक छोटा खटका असतो. चावी दोन बोटांत धरून खटका बाजूला दाबा आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्या. हे न करता पॅलेट, म्हणजे चाकांना एकेका ठोक्याने सोडणारा दोन खड्यांचा छोटा लिव्हर, काढला, तर सगळी चाकं भर्रकन फिरून त्यांच्या आसांची टोकं मोडू शकतात.

मग चावीचा दांडा. काही मशिनांत त्याच्याजवळ बटण असतं, काहींत स्क्रू. स्क्रू असेल तर दोन-तीन आटेच सैल करा, पूर्ण काढलात तर तबकडीखालचा लिव्हर निसटतो. मशीन बाहेर आलं की काटे काढा. तबकडीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा ठेवून दोन लिव्हरनी दोन्हीकडून सारखं उचलायचं. सेकंदकाटा सर्वांत नाजूक, तो आधी. तबकडीचे पाय मशीनच्या कडेच्या दोन बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. ते सैल केले की तबकडी सुटते, आणि खालचं केसासारखं पातळ वॉशर तिला चिकटून येतं. ते लगेच डबीत टाका.

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू ज्या भागाचा त्याच्याबरोबर एकाच खणात ठेवा. गोळ्यांच्या खणांची डबी याला उत्तम.

क्रम असा: बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चाक) त्याच्या पुलासकट (पूल म्हणजे वरून धरणारी, स्क्रूने बसवलेली पट्टी), मग पॅलेट, मग चाकांवरचा पूल आणि चाकं, शेवटी बॅरल (कमानीचा डबा). बॅलन्स उचलताना पूल थोडा वर करून थांबा. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चाक लोंबतं, ते खाली कुठे अडकत नाहीये ना ते पाहा आणि मगच वर घ्या. चावीच्या छोट्या चाकाचा स्क्रू पुष्कळ मशिनांत उलट्या आट्यांचा असतो, काही वेळा त्यावर तीन खाचा असतात. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा.

धुणे

आपल्याकडचे घड्याळवाले वर्षानुवर्षं पेट्रोलात मशीन धुतात. लायटरमध्ये भरायचं फ्लुइड त्याहून बरं, कारण मागे तेलकट थर राहत नाही. झाकणाची काचेची बरणी, आत बारीक जाळीची छोटी गाळणी आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागतं. खिडकी उघडी ठेवा. गॅस, उदबत्ती, देवघरातली समई यांपैकी काहीही त्या खोलीत पेटलेलं नको. खड्यांची भोकं टोक काढलेल्या लाकडी काडीने साफ करायची. काडी घालून फिरवा, काळी झाली की टोक नवं काढा, पांढरी बाहेर येईपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण घड्याळ चालणार की नाही ते बरंचसं इथेच ठरतं.

धातूचे भाग शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून काढतात. पॅलेट आणि बॅलन्स मात्र त्यात घालायचे नाहीत. पॅलेटचे दोन लाल खडे लाखेने बसवलेले असतात, बॅलन्सवरचा छोटा खडाही तसाच, आणि लाख अल्कोहोलात विरघळते. हे दोन्ही लायटर फ्लुइडमध्येच हलवून काढा.

आता पावसाळ्याची गोष्ट. अल्कोहोल उडताना धातू थंड होतो. हवा दमट असली की त्या थंड धातूवर दव धरतं, भिंगातून पाहिलं तर पोलादावर पांढुरका थर आलेला दिसतो. तो पुसला नाही तर दुसऱ्या दिवशी तिथे गंजाचे ठिपके. म्हणून कोरडा दिवस हवा, आणि तरीही भाग बाहेर काढल्या काढल्या फुग्याने हवा मारून झाकणाखाली ठेवायचे.

गंज कुठे आहे त्यावर निर्णय घ्या. चावीचा दांडा, खटका, लिव्हर यांवरचा वरवरचा गंज काचतंतूंच्या ब्रशने काढता येतो. ब्रशचे तुकडे मशीनमध्ये जाऊ देऊ नका. चाकांच्या टोकांवर गंज असेल तर ते चाकच बदला. हेअरस्प्रिंगवर ठिपका दिसला तर घासायला जाऊ नका, दुसऱ्या मशीनचा पूर्ण बॅलन्स बसवा. दोन घड्याळं घ्या म्हटलं ते याचसाठी.

कमान बाहेर काढली आणि ती मोठ्या वळणात न पसरता बारीक वेटोळ्यातच राहिली, तर तिच्यातला जोर गेलाय. नवी घ्या. नवी कमान बारीक कड्यात गुंडाळलेली मिळते, तिथून थेट बॅरलमध्ये दाबायची.

जोडणे आणि तेल

खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको, डब्ल्यूडी-४० तर मुळीच नको. तिन्ही पसरतात किंवा चिकट होतात. घड्याळाचं तेल महाग वाटतं, पण एक बाटली वर्षानुवर्षं पुरते. तीन प्रकार असले की झालं: वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ तेल, म्हणजे मोबियस ९०१० किंवा त्यासारखं, मधलं चाक आणि बॅरल अशा संथ भागांना जाड तेल, चावीच्या यंत्रणेला ग्रीस.

खड्याला टोकाभोवती वाटीसारखा खोलगट भाग असतो. तेल त्या वाटीतच, निम्म्याहून कमी, काठावर ओघळ नको. भिंगातून पाहिलं की टोकाभोवती एक चकचकीत कडं दिसतं, तेवढं बस्स. पॅलेटच्या टोकांना तेल द्यायचं नाही. त्याच्या खड्यांच्या समोरच्या कडेला, जिथे एस्केप चाकाचे, म्हणजे पॅलेटला लागून असलेल्या चाकाचे, दात घासतात, तिथे अगदी कण.

चाकं बसवून पूल ठेवलात की स्क्रू घट्ट करू नका. पुलावर बोटाने हलकंच टेकून चिमट्याने एकेक टोक भोकात सरकवा. बॅरल किंचित फिरवला की शेवटचं चाक पटकन फिरलं पाहिजे. फिरलं तरच स्क्रू आवळा. इथे घाई केली तर टोक मोडतं. मग पॅलेट. दोन फेरे चावी द्या आणि पॅलेटला काडीने हलकंसं ढकला. तो स्वतःहून ठक्कन पलीकडे गेला तर सगळं जुळलं. अर्ध्यात थांबला तर घाण राहिली आहे, पुन्हा खोला. शेवटी बॅलन्स. पूल अजून नीट बसायचा असतानाच चाक हलायला लागतं.

बॅलन्सच्या टोकांवरचे खडे चिमुकल्या स्प्रिंगने धरलेले असतात, तबकडीवर 'पॅरा शॉक' लिहिलेलं असतं ते याबद्दल. शक्यतो पहिल्या मशीनवर ती स्प्रिंग काढू नका. काढायचीच तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून काढा.

वेळ लावणे

या मशीनचे तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. मोबाइलवर घड्याळाचा ठोका ऐकणारी फुकटची ॲप आहेत. फोनच्या माइकवर घड्याळ ठेवलं की दिवसाला किती सेकंद पुढे-मागे ते दाखवतात. बॅलन्सच्या पुलावरचा छोटा लिव्हर केसाएवढा सरकवत जा. तबकडी वर आणि चावी खाली अशा दोन्ही स्थितींत पाहा. दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आलं तर जुन्या घड्याळाला पुष्कळ झालं. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल तर लिव्हरला हात लावू नका. हेअरस्प्रिंगला तेल लागून वेटोळी चिकटली आहेत, किंवा चुंबकत्व शिरलं आहे. चुंबकत्व घालवायचं यंत्र स्वस्तात मिळतं.

काच प्लास्टिकची असेल तर वरचे ओरखडे साध्या पांढऱ्या टूथपेस्टने मऊ कापडावर घासून जातात. तबकडी मात्र धुवू नका, कापसानेही पुसू नका, छपाई सुटून येते. फुग्याची हवा मारा आणि डाग राहू द्या. खूप जुन्या, १९६० च्या आधीच्या परदेशी घड्याळाच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. तो खरवडायचा नाही, त्याची धूळ नाकात जाता कामा नये.

नंतर

चालू झालेलं घड्याळ पावसात, विसर्जनाला किंवा होडीवर घालू नका. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या. ठेवायच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात ती बदलत राहा. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात ठेवण्याने किंवा तांदळात पुरण्याने भागत नाही, त्याच दिवशी झाकण उघडा. समुद्राचं पाणी गेलं असेल तर मशीन बाहेर काढून लगेच लायटर फ्लुइडमध्ये बुडवून ठेवा आणि खोलायला बसा. मीठ रात्रभर थांबत नाही.

कमान तुटली, टोक मोडलं, हेअरस्प्रिंग वाकली, अशा वेळी गावातल्या जुन्या घड्याळवाल्याकडे जा. सुटे भाग डबीत नीट लावून न्या, तो मागेल ते पैसे द्या आणि दुकानात गर्दी नसेल तर शेजारी बसून बघू देता का म्हणून विचारा.