घरच्या स्विमिंग पूलचे पाणी तापवताना या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर थंडी ती काय पडणार, या समजुतीने पूल बांधताना पाणी तापवण्याचा विचार सहसा कोणी करत नाही. डिसेंबरात पाहुणे पाण्यात पाय घालून परत फिरले की घाईघाईने हीटर शोधला जातो, आणि चुकांना तेथूनच सुरुवात होते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे उष्णता कोठून निसटते हे न पाहताच ती कोठून आणायची याचा हिशेब मांडणे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल पुलात 40,000 लिटर पाणी मावते व ते एका अंशाने तापवायला सुमारे 46 युनिट (वीजबिलातलेच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता लागते. उलट, वाफ होऊन उडणारे प्रत्येक लिटर पाणी सुमारे 0.67 युनिट उष्णता घेऊन जाते. म्हणजे या पुलाची पातळी रात्रीतून केवळ 2 मिलिमीटर उतरली, तरी 64 लिटर पाण्याबरोबर साधारण 43 युनिट, अर्थात जवळजवळ एक अंश गेला. हिवाळ्याच्या रात्री जमिनीकडून येणारे कोरडे मतलई वारे हेच काम करत असतात. म्हणून बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर अंथरायचे हवेच्या फुगोट्यांचे प्लॅस्टिकचे आच्छादन, आधी घ्यावे, हीटर नंतर. पातळी फारच उतरत असेल, तर पाण्याने भरलेली बादली पुलाच्या पायरीवर ठेवून दोन्हीकडे खूण करावी. बादलीपेक्षा पुलातले पाणी अधिक उतरले, तर दोष वाऱ्याचा नसून गळतीचा आहे.

साधा विद्युत हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो, त्यामुळे पुलासाठी त्याचा विचारही करू नये. हीट पंप हवेतली उष्णता पाण्यात आणतो आणि किनाऱ्यावरच्या उबदार, दमट हवेत एका युनिटमागे चार-पाच युनिट सहज देतो. मात्र तो पंपाच्या बंद खोलीत बसवला, तर स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढत राहतो व बिल वाढते. तो पहाटे न चालवता दुपारी चालवावा. खाऱ्या हवेत त्याच्या बाहेरच्या, हवेतली उष्णता घेणाऱ्या जाळीचे पत्रे गंजतात, म्हणून संरक्षक लेप असलेली जाळी आणि पाण्याच्या बाजूला टायटॅनियमची नळी मागून घ्यावी. जाळी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी. यंत्र वारंवार बंद पडत असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी फिल्टर तुंबला आहे का आणि व्होल्टेज उतरते का, हे पाहावे; बहुतेक वेळा कारण या दोहोंतच सापडते.

सौर तापकात चूक निराळी होते. न्हाणीघरासाठीचे काचेचे महाग संच पुलावर लावले जातात, वास्तविक 28 अंशांच्या पाण्याला काळ्या प्लॅस्टिकचे उघडे पॅनेल पुरते. त्याचे क्षेत्रफळ मात्र पुलाच्या निम्म्याहून कमी नसावे. जागा उन्हाळ्यात निवडू नये: डिसेंबरात रत्नागिरीच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे सुमारे 50 अंशांवरच असतो, आणि बारा मीटरच्या माडाची सावली उत्तरेकडे दहा मीटर पडते. माड तोडण्यापेक्षा पॅनेल सरकवणे बरे. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत घरांवरचे पत्रे कसे उडवले हे आठवून पॅनेल स्लॅबला बोल्टने पक्के करावेत. नुसती दोरी चालणार नाही.

तापमान 32 अंशांवर ठेवण्याचा हट्ट मात्र कोणत्याच साधनाला परवडत नाही. पाणी जितके गरम, तितके ते वेगाने उडते. पोहण्यासाठी 27-28 अंश पुरेत. पाहुणे शनिवार-रविवारीच येत असतील, तर शुक्रवारी दुपारपासून तापवायला घ्यावे व आठवडाभर कव्हर अंथरून ठेवावे.