डोंगर फुगला की हवा दमट होती? रडार प्रतिमा वाचायला शिकताना

माझा पहिला इंटरफेरोग्राम, म्हणजे एकाच जागेच्या दोन तारखांच्या उपग्रह-रडार प्रतिमांमधला फरक रंगांत दाखवणारं चित्र, तयार झाला तेव्हा मी हरखून गेले होते. एका ज्वालामुखीभोवती रंगीत कडी दिसत होती, एकात एक, थेट शिखरापर्यंत. डोंगर फुगतोय, असं मी मार्गदर्शकांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "यातली दुसरी तारीख घेऊन पुढची जोडी केलीस का?" केली नव्हती. केली, तर तीच कडी पुन्हा आली, पण रंगांचा क्रम उलटा. डोंगर जागच्या जागी होता. त्या मधल्या तारखेला हवेत बाष्प जास्त होतं.

या विषयात येणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी सांगते, कारण माझ्या चुकीचं मूळ एका खऱ्याच वाक्यात होतं. "रडार ढगांतून आरपार पाहतं" हे वाक्य प्रत्येक प्रास्ताविकात भेटतं. ते वाचून वाचून हवेचा रडारवर काही परिणामच होत नाही, असं माझ्या मनात बसलं होतं. लहर ढगांतून जाते, पण बाष्पातून जाताना किंचित रेंगाळते. रडार प्रतिमेच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन गोष्टी असतात: परतलेल्या लहरीची तीव्रता आणि तिची कला, म्हणजे फेज (लहर तिच्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते). रेंगाळणं या फेजमध्ये उमटतं आणि जमीन उपग्रहापासून दूर गेल्यासारखी दिसते.

आकडे मांडले की हे नीट समजतं. सेंटिनेल-1 या युरोपीय रडार उपग्रहाची तरंगलांबी सुमारे 5.6 सेंटीमीटर. लहर जाऊन परत येते, म्हणून जमीन 2.8 सेंटीमीटर सरकली की रंगांचा एक पूर्ण फेरा होतो. दुसरीकडे, डोक्यावरच्या हवेतलं बाष्प 1 मिलिमीटर पाण्याच्या थराइतकं वाढलं, तर साधारण 6 मिलिमीटरचा उशीर लागतो. म्हणजे असं 4-5 मिलिमीटर बाष्प वाढलं की जमीन न हलता एक अख्खं कडं तयार! त्यात शिखरावर हवेचा थर कमी, पायथ्याशी जास्त. त्यामुळे ही खोटी कडी डोंगराच्या उंचीबरहुकूम बसतात आणि फुगवट्यासारखीच दिसतात. एटना ज्वालामुखीच्या 1990 च्या दशकातल्या प्रतिमांवरून तज्ज्ञांमध्येही हीच चर्चा झाली होती.

म्हणून जोड्यांची ही कसोटी हाताला वळण लागेपर्यंत करा. तीन तारखा घ्या, पहिली-दुसरी आणि दुसरी-तिसरी अशा जोड्या लावा. आकृती उलट्या चिन्हाने परतली तर संशय मधल्या तारखेच्या हवेवर. दोन्हींत एकाच दिशेने वाढत गेली, तर जमिनीकडे वळायला हरकत नाही.

पण इंटरफेरोग्रामने सुरुवात करू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी तीच घाई केली होती. आधी महिनाभर नुसत्या तीव्रतेच्या प्रतिमा बघा. एखादा तलाव निवडा. संथ पाणी लहर पुढे परावर्तित करून टाकतं, म्हणून काळं दिसतं. वारा सुटला की तेच पाणी उजळतं, आणि पूर शोधणारा नवशिका तिथेच फसतो. इमारती झगमगतात, कारण जमीन आणि भिंत मिळून लहर परत पाठवतात. रडार तिरपं बघतं, त्यामुळे उंच कडा पायथ्याच्या आधी नोंदला जातो आणि डोंगर उपग्रहाकडे कललेला वाटतो. हे सगळं डोळ्यांत मुरलं की पुढचं अर्धं काम सोपं होतं.

गणिताची फार धास्ती नको. संमिश्र संख्या आणि फूरिये रूपांतर मात्र पक्कं हवं. स्नॅप हे युरोपीय अवकाश संस्थेचं सॉफ्टवेअर मोफत आहे. फेज असलेल्या फाइली काही जीबींच्या असतात, तेव्हा डिस्कची सोय आधी बघा. तयार इंटरफेरोग्राम करून देणाऱ्या ऑनलाइन सेवाही आहेत, पण पहिले काही स्वतःच्या हाताने करा. कुठल्या पायरीवर काय बिघडतं, ते तेव्हाच कळतं.

दाट जंगलावर प्रयोग करणार असाल तर थोडं थांबा. 5.6 सेंटीमीटरची लहर पानाफांद्यांतच अडकते आणि दोन प्रतिमांचा मेळ बसत नाही. तिथे सुमारे 24 सेंटीमीटरची एल-बँड (बँड म्हणजे तरंगलांबीचा पट्टा) लहर उपयोगी. जुलै 2025 मध्ये सुटलेल्या, नासा आणि इस्रोच्या निसार उपग्रहावर एल आणि एस हे दोन्ही बँड आहेत.

आणि हवाच जास्त आवडली तर? मग वाट वेगळी. 2006 मध्ये सुटलेल्या क्लाउडसॅटचं 94 गिगाहर्ट्झचं रडार ढगांचा उभा छेद घेत असे. 2014 च्या जीपीएम उपग्रहावरचं रडार पावसाचे थर मोजतं. आम्ही त्रुटी म्हणून जे बाष्प वजा करतो, त्याचेच बारीक नकाशे हवामानाच्या प्रारूपांना देण्यावरही संशोधन चालतं. मला तर तेच काम अधिक सुंदर वाटतं.

सेंटिनेल-1 चा साठा ऑक्टोबर 2014 पासून सर्वांना खुला आहे. पहिल्या सरावासाठी कोरडा, झाडं नसलेला, सपाट भाग निवडा, 12 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या तीन तारखा उतरवून घ्या आणि त्या तारखांचं हवामान वहीत आधीच लिहून ठेवा.